सोवळ्यातलं आमिष

नलूताई आपटे माझ्या मागच्या दारात उभ्या राहायच्या, पण आत यायच्या नाहीत. म्हणजे माझ्याकडे मासे असले की नाहीच. बाकीच्या दिवशी त्या सरळ घुसत, फ्रिज उघडून काय आहे नि काय नाही ते बघत, चहाचं आधणही स्वतःच ठेवत. पण तव्यावर मासा पडला की त्यांचे पाय उंबऱ्याबाहेर थांबायचे. तिथूनच नाक वर करून विचारायच्या, "सुरमई ना गो? आच कमी कर, करपतली ती." आणि ती खरंच करपायला लागलेली असायची.

रुवैसला कंपनीच्या कॉलनीत आमचं आणि आपट्यांचं घर भिंतीला भिंत लागून होतं. अबुधाबीहून पश्चिमेला निघालं की तासन्‌तास नुसतं वाळवंट, आणि कंटाळून डोळा लागणार एवढ्यात रिफायनरीच्या ज्वाळा दिसायला लागतात, ते रुवैस. नव्वदच्या दशकात तिथे एक सुपरमार्केट, एक शाळा, एक क्लब आणि समुद्र एवढंच होतं. नवरे ड्यूटीवर गेले की बायकांना दिवस खायला उठे. कुणी केकचं आयसिंग शिकलं, कुणी योगासनं, कुणी दुसऱ्यांच्या घरात काय चाललंय याचा अभ्यास केला. नलूताईंनी पिसं आणि दोरा घेऊन माशांसाठी आमिषं बांधायला घेतली. आता हे खूळ एका मराठी बाईच्या डोक्यात शिरलं कसं, ते सांगायचं तर आधी त्यांच्या सासूबाईंबद्दल सांगायला हवं.

नलूताई माहेरच्या सावंत, वेंगुर्ल्याच्या. मुंबईत नोकरीला असताना त्या आणि पुण्याचे श्रीधर आपटे एकाच ऑफिसात होते, तिथेच जमलं. आपट्यांच्या आईंनी लग्नाला आडकाठी केली नाही, पण सुनेकडून शब्द घेतला. त्या वकिलाच्या घरात वाढलेल्या, त्यामुळे शब्दसुद्धा चारी बाजूंनी टीप मारून घेतलेला. घरात मासा शिजणार नाही. घरच्या भांड्याला मासा लागणार नाही. मासा विकत घ्यायचा नाही. हॉटेलात, शेजारी, अगदी माहेरीसुद्धा, कुणाच्या हातचा खायचा नाही. नलूताई तेव्हा प्रेमात होत्या, त्यांनी एका दमात "बरं" म्हटलं. पुढे त्या मला सांगायच्या, "प्रेमात पडलेल्या माणसाला भूक लागत नाही गो. ती मागाहून लागते."

पण शब्द त्यांनी पाळला. आपटे स्वभावाने गरीब, रिफायनरीच्या प्लॅनिंग खात्यात होते आणि घरी बायकोच्या प्लॅनिंगप्रमाणे चालत. ते स्वतः जन्माचे शाकाहारी, तरी अनेकदा म्हणाले होते की अगं खा की, मी कुठे आईला सांगायला जातोय. त्यावर नलूताई त्यांच्याकडे अशा बघायच्या की आपट्यांना पाणी प्यायला आत जावं लागे. शब्द म्हणजे शब्द, त्यात नवऱ्याने मध्ये पडायचं कारण नाही, असं त्यांचं मत होतं. त्या मासा खात नव्हत्या, पण मासा विसरल्या होत्या असं मात्र नाही. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना त्या तिसऱ्यांचे शिंपले कसे धुवावेत ते सांगत बसत, आणि ऐकणाऱ्यांत निम्म्या जणी देशस्थ.

रुवैसला आल्यावर घरामागे समुद्र मिळाला, आणि एके दिवशी नलूताई माझ्या मागच्या दारात चेहरा उजळून उभ्या राहिल्या. त्यांना शब्दात एक फट सापडली होती. सासूबाई पुण्याच्या. त्यांना मंडई आठवली, हॉटेलं आठवली, शेजारपाजार आठवला, समुद्र काही आठवला नाही. मासा आपणच पकडला, आपणच समुद्रावर शिजवला आणि घरचं भांडं न लावता तिथेच खाल्ला, तर शब्द कुठे मोडतो? मी म्हटलं, कुठेच नाही. "मग झालं तर," म्हणाल्या, आणि दुसऱ्याच दिवशी गळ घेऊन आल्या.

पुढची अडचण आमिषाची. गळाला कोळंबी लावायची तर ती विकत घ्यावी लागणार, आणि ठेवायची घरच्या फ्रिजमध्ये. माझा नवरा म्हणाला, मी आणून देतो ना. नलूताईंनी त्यावर दिवसभर विचार केला आणि संध्याकाळी नको म्हणून सांगितलं, ती लबाडी झाली असती. मग त्यांनी कणकेचे गोळे लावून पाहिले. ते खेकड्यांनी खाल्ले. नंतर पनीर लावलं. तेही खेकड्यांनीच खाल्लं, आणि आपटे हळूच म्हणाले की आपण खेकडे शाकाहारी केले.

आपट्यांच्या दुसऱ्या बाजूला डग नावाचा कॅनेडियन राहायचा. इन्स्ट्रुमेंट विभागातला इंजिनियर, दारातून वाकून आत शिरणारा, बायको कॅनडात शाळेत शिकवायची म्हणून इथे एकटाच. हिवाळ्यात ऑफिसातून आला की तो व्हरांड्यात एक टेबल मांडायचा, त्याच्या कडेला बोटाएवढा व्हाइस आवळायचा, त्यात एक गळ पकडायचा आणि त्या गळावर पिसं, लोकर नि दोरा गुंडाळत बसायचा. दर उन्हाळ्यात तो सुट्टीवर घरी जाई तेव्हा तिथल्या नदीत स्मॉलमाउथ बास नावाचा मासा धरायचा, त्याची ही वर्षभराची तयारी. या आमिषाला ते लोक फ्लाय म्हणतात. त्यात खाण्यासारखं काही नसतं. पाण्यात ते असं हलतं की माशाला वाटावं, किडा आहे, छोटा मासा आहे किंवा झिंगा आहे.

नलूताईंनी हे भिंतीवरून पाहिलं आणि डगला विचारलं, "धिस, नो मीट?" डग म्हणाला, अजिबात नाही, नुसती पिसं आणि दोरा. "नो कोळंबी?" कोळंबी म्हणजे काय हे डगला कळेना, पण मान हलली ती नाही अशीच. त्या संध्याकाळी नलूताईंनी मला बोलावून सांगितलं की सोवळ्यातलं आमिष सापडलं.

डगचं वय पन्नाशीच्या पुढे, बोटं जाड, आणि जवळचं नीट दिसेनासं झालेलं. त्याचे फ्लाय तेव्हा विस्कटलेले दिसायचे. नलूताईंनी थोडा वेळ पाहिलं, मग "हटो भावजी" म्हणून त्याला खुर्चीवरून उठवलं. गळावर आधी दोऱ्याचे वेढे, मग शेपटीला मऊ पीस, मग अंगावर लोकर, लोकरीवरून गोल फिरवत आणलेलं दुसरं पीस, डोक्याशी गाठ आणि गाठ सुटू नये म्हणून वर नेलपॉलिशचा थेंब. वाती वळणाऱ्या, गजरे गुंफणाऱ्या बाईला यात अवघड असं काही नव्हतं. डगने तो फ्लाय उजेडात धरून फिरवून फिरवून पाहिला. मग तिथल्या तिथे करार झाला. बाससाठीचे फ्लाय यापुढे नलूताई बांधणार, आणि त्या बदल्यात डग दर शुक्रवारी सकाळी त्यांना समुद्रावर फ्लाय फेकायला शिकवणार. डग त्यांना शेवटपर्यंत "नालू" म्हणायचा. त्या त्याला भावजी म्हणायच्या, आणि भावजी म्हणजे काय हे त्याने कधी विचारलं नाही.

नलूताई फ्लायना बाहुल्या म्हणत. "आज बाहुल्यांना बसायचंय," असं सांगून दुपारी व्हाइस शिलाईमशीनच्या टेबलाला आवळायच्या. मग त्या घरात काहीच सुरक्षित नसे. लेकीच्या स्वेटरची लोकर गेली. मंगळसूत्र ओवायला आणलेल्या पुडीतले काळे मणी बाहुल्यांचे डोळे झाले. दुबईत करामाला खरेदीला गेलो की आम्ही बाकीच्या साड्या बघायचो आणि त्या टिकल्या-जरीच्या दुकानात जाऊन बसायच्या. गुजराती दुकानदार विचारी, कुठल्या कार्यक्रमासाठी हवंय बेन? त्या सांगत, मछली के लिए. गणपती माझ्या घरी बसायचा. एका वर्षी विसर्जन करून परत आलो तर मखराची रुपेरी झिरमिळी अर्धी गायब. मी काही विचारायच्या आधीच नलूताई म्हणाल्या, "देवाचा प्रसाद घेतलाय गो, चोरी नाही केली." त्यांची केतकी तेव्हा आठवीत होती. ती मैत्रिणींना घरी आणायच्या आधी फोन करून विचारायची, "ममा, आर द डेड थिंग्ज ऑन द टेबल?"

हिवाळ्यात सासूबाई दोन-तीन महिने रुवैसला यायच्या. पहिल्याच वर्षी त्यांनी टेबलावरची कोंबड्याची पिसं पाहिली आणि सगळं घर श्वास रोखून उभं राहिलं. नलूताईंनी काही लपवलं नाही. समुद्र, फट, भावजी, सगळं सांगितलं. सासूबाईंनी चष्मा लावून एक बाहुली हातात घेतली, उलटसुलट केली. मग म्हणाल्या की मोरपीस देवाला चालतं, तेव्हा पिसाला हरकत घेता येणार नाही. समुद्राचं बोलायचं तर तो आपल्या लक्षात आला नाही ही आपलीच चूक, आता त्यात बदल करणं बरोबर दिसणार नाही. "मात्र एक सांगते," त्या म्हणाल्या, "ही शेपटी फार पांढरी झाली. माशाला संशय येईल." त्यानंतर दर हिवाळ्यात त्या शेजारी बसून पिसं निवडून द्यायच्या. सून मासा पकडते की नाही याची त्यांनाही उत्सुकता होती, आणि तो खाल्ल्याचं आपल्याला कळू नये अशीही इच्छा होती.

कुठल्या दिवशी कुठली बाहुली, हे शास्त्र डगने नलूताईंना समजावलं, आणि त्यांनी आम्हाला. पाणी नितळ आणि ऊन लख्ख असेल तर फिकी, चमकणारी. पाणी गढूळ किंवा आभाळ आलेलं असेल तर काळी, जांभळी, म्हणजे खालून बघणाऱ्याला निदान आकार तरी दिसतो. तळाला दगड असतील तर तपकिरी-नारिंगी, कारण दगडात राहणारा झिंग्यासारखा एक प्राणी बासचा जीव की प्राण. तिन्हीसांजेला पाण्यावर तरंगणारी, बुडबुड आवाज करणारी. नलूताई म्हणायच्या, यात नवीन ते काय, बारशाला आपण काळी साडी नेसतो का? बाससाहेबांचंही तेच, प्रसंग बघून नेसवायचं. त्या झिंग्याची बाहुली डग डोकं पुढे करून बांधायचा. नलूताईंनी ती उलटी बांधली, शेपूट पुढे. घाबरलेली कोळंबी मागे पळते हे लहानपणी खाडीत पाहिलेलं. डग म्हणाला की ही गोष्ट आपल्याला माहीत होती, फक्त आळस केला. यावर नलूताईंचा विश्वास बसला नाही.

सप्टेंबरात डग सुट्टीवरून परत आला की फोटो घेऊन यायचा. प्रत्येक फोटोत त्याच्या हातात पितळी रंगाचा, अंगावर उभे पट्टे आणि लाल डोळ्यांचा मासा, आणि माशाच्या ओठात नलूताईंची बाहुली. त्या फोटो हातात घेऊन मनातल्या मनात स्वयंपाक करायच्या. हा तिरफळ घालून, हा नुसता तळून, हा मोठा आहे याचं डोकं कालवणात. मग विचारायच्या, कसा लागला? आणि डग दर वर्षी सांगायचा की सोडून दिला. तो धरलेला मासा कधीच ठेवत नसे. हात ओले करून अलगद गळ काढायचा, मासा पाण्यात धरून त्याला दम घेऊ द्यायचा आणि जाऊ द्यायचा. लहानपणापासूनची सवय. नलूताईंना हे पटणं शक्यच नव्हतं. "जेवायचं नाही तर त्या बिचाऱ्याला बोलवायचं कशाला?" त्या म्हणायच्या, आणि हे भाषांतर करून डगला सांगायचं काम आपट्यांकडे.

शुक्रवारची सकाळ म्हणजे आमची करमणूक होती. या प्रकारात आमिषाला वजन नसतं, वजन दोरीला असतं, ती दोरी डोक्यावरून मागे-पुढे झुलवून लांब सोडायची. नलूताईंची दोरी मागे जायची ती मागेच राहायची. त्यांनी माझी ओढणी पकडली, क्लबची छत्री पकडली, आपट्यांची टोपी दोनदा पकडली. डग न चिडता प्रत्येक वेळी गळ सोडवायचा आणि म्हणायचा, यल्ला नालू, अगेन. नलूताईंचा सलवार-कमीज गुडघ्यापर्यंत भिजलेला, डोक्याला रुमाल, आणि तोंडाने समुद्राला मालवणीत शिव्या. आपटे छत्रीखाली जुना दिवाळी अंक वाचत बसायचे. एकही शुक्रवार त्यांनी चुकवला नाही. त्यांची गाडी स्पीडब्रेकरवरून गेली की डिकीत काहीतरी खणकन वाजायचं. माझा नवरा म्हणायचा, आपटे, बघून घ्या एकदा. ते म्हणायचे, जॅक सैल झालाय. आपट्यांची आणखी एक सवय आमच्या चेष्टेची होती. दर गुरुवारी संध्याकाळी ते सुपरमार्केटमधून एक लिंबू आणायचे. एकच. काउंटरवरचा मलबारी पोरगा त्यांना बघून हसायचा.

आणि मग एका फेब्रुवारीत नलूताईंना मासा लागला. त्या दिवशी पाणी काचेसारखं होतं, त्यांनी गणपतीच्या झिरमिळीची रुपेरी बाहुली लावली होती. दोरी एकदम ताणली, रीळ किंचाळलं, आणि लांबवर क्वीनफिश नावाचा एक रुपेरी मासा पाण्याबाहेर उसळला, हातभर लांब. नलूताई ओरडल्या नाहीत. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि ओढत राहिल्या. डग धावत पाण्यात शिरला. आपटे दिवाळी अंक टाकून गाडीकडे का पळाले, ते तेव्हा मला कळलं नाही. मासा किनाऱ्याशी आला, नलूताईंनी काठी माझ्याकडे दिली आणि पिशवीतली सुरी काढायला वळल्या. तेवढ्या वेळात डगने हात ओले केले, अलगद गळ काढला, माशाला पाण्यात धरून दम घेऊ दिला, आणि सोडून दिला.

त्याच्या तोंडाकडे बघूनच कळलं की आपण काय केलं हे त्याला मासा गेल्यावर समजलं. आयुष्यभराच्या सवयीने हात चालले होते. नलूताई हातात सुरी घेऊन त्या पाण्याकडे बघत राहिल्या. "सोडलंस कित्याक रे मेल्या," एवढंच म्हणाल्या, तेही हळू आवाजात. मग वाळूत बसल्या आणि खरंच रडल्या. आपटे गाडीपासून अर्ध्या वाटेवर थांबले होते. ते उलटे फिरले, उघडी डिकी लावली आणि रिकाम्या हातांनी परत येऊन बायकोच्या शेजारी बसले.

डग सुट्टीवर जाईपर्यंत त्या त्याच्याशी बोलल्या नाहीत. तो दारात केक ठेवून जायचा, केतकी तो खायची. पण करार म्हणजे करार, बाहुल्या तर द्यायला हव्यात. मे महिन्यात नलूताईंनी डबा भरून दिला आणि त्यातली प्रत्येक बाहुली गुलाबी होती. भडक, बारशाच्या फुग्यांसारखी. नितळ पाणी नाही, गढूळ पाणी नाही, दगड नाहीत, कशालाही न शोभणारी. मुद्दाम. बास हसून हसून मरू देत, म्हणाल्या, पण एक लागायचा नाही. सप्टेंबरात डग परत आला तो सरळ त्यांच्या दारात. हातात फोटो. त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा स्मॉलमाउथ, आणि ओठात गुलाबी बाहुली. नलूताईंनी फोटो बराच वेळ पाहिला. मग म्हणाल्या, "भावजी, दीज फिश हॅव नो टेस्ट," आणि चहा टाकला. भांडण तिथे मिटलं.

त्या पुढच्या वर्षी पुण्यात सासूबाई गेल्या. दिवस करून आपटे पती-पत्नी परत आले तेव्हा मी भेटायला गेले. बोलता बोलता आपटे माझ्यासमोरच म्हणाले की नलू, आता आई नाही, तू आता मोकळी आहेस. मला वाटलं, त्या हो म्हणतील. त्या सासूबाईंनी निवडून ठेवलेल्या पिसांच्या पुड्या आवरत होत्या. म्हणाल्या, "शब्द त्यांना दिला होता. परत कुणाकडे मागू? त्या होत्या तोवर निदान कधीतरी सोडवतील अशी आशा तरी होती. आता राहिला तो समुद्रच." आपटे पाणी प्यायला आत गेले.

समुद्र मात्र पुढे वर्षं दोन वर्षं काही देईना. डगच्या सुट्ट्या आल्या-गेल्या, नलूताईंचा हात चांगला बसला, त्यांची दोरी आता डगइतकीच लांब जायची, पण मासा लागला तरी तुटून जायचा, नाहीतर लागायचाच नाही. तशात आपट्यांच्या निवृत्तीची तारीख आली. सामानाचं पॅकिंग झालं, भांडी खोक्यांत गेली. पुण्याला समुद्र नाही, हे त्या दिवसांत कुणी बोललं नाही, पण सगळ्यांच्या डोक्यात तेच होतं.

शेवटच्या शुक्रवारी हवेत धूळ भरलेली, सूर्य नुसता पिवळा ठिपका, पाणी गढूळ. आम्ही सगळे गेलो होतो. केतकी कॉलेजातून सुट्टीवर आली होती, तीही आली आणि "गो ममा" म्हणून छत्रीखाली झोपली. नलूताईंनी डबा उघडला. शास्त्राप्रमाणे काळी. त्यांनी काळी उचलली, पुन्हा खाली ठेवली आणि उरलेल्यांतली एक गुलाबी घेतली. शेवटच्या दिवशी तरी मनासारखं नेसवते, म्हणाल्या. डगने मान डोलावली. त्याचा गुलाबी रंगावर विश्वास केव्हाच बसला होता.

ऊन वर यायला लागलं आणि परत निघायची भाषा सुरू झाली तेव्हा दोरी ताणली. नलूताई पाण्यात आणखी दोन पावलं आत गेल्या. मासा एकदा उसळला, दुसऱ्यांदा उसळला, मग खाली बुडी मारून ओढत राहिला. माझा नवरा, मी, केतकी, सगळे पाण्याच्या कडेला येऊन उभे. डगही आला, पण अलीकडेच थांबला. त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एका हाताने दुसऱ्याचं मनगट घट्ट धरून ठेवलं. नलूताईंनी मासा एकट्याने ओढून आणला, कल्ल्यात बोट घालून उचलला आणि पाण्यापासून लांब, पार कोरड्या वाळूत नेऊन ठेवला. मगच श्वास सोडला.

तेवढ्यात आपटे गाडीकडून आले. त्यांच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक गाठोडं होतं. त्यांनी ते वाळूत सोडलं. आत एक लोखंडी तवा. कधी चुलीवर न चढलेला, गंजू नये म्हणून तेलाचा हात फिरवलेला. एक सुरी. छोट्या डब्यांत तांदळाचं पीठ, तिखट, हळद, मीठ. तेलाची बाटली, कोकमाच्या आगळाची बाटली. आणि एक लिंबू.

माझ्या नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. डिकीत काय वाजत होतं ते आम्हाला दोघांना एकदमच समजलं.

"हा कधी घेतला?" नलूताईंनी विचारलं.

"तू भावजींकडे शिकायला लागलीस ना, त्याच हिवाळ्यात," आपटे म्हणाले. "करामाला. तू जरीच्या दुकानात होतीस. घरचा नाहीये हा नलू, घरात आणलाच नाही कधी. सगळं दुकानातून थेट डिकीत. तिखट-पीठ दर दोन महिन्यांनी बदलायचो, शिळं वापरलं असतं तर तू बोलली असतीस."

नलूताईंनी ओढणीने तोंड पुसलं आणि सुरी उचलली. मासा साफ करताना त्यांचे हात कुठेही अडखळले नाहीत. इतक्या वर्षांत त्यांनी मासा कापला नव्हता, पण बोटं काही विसरली नव्हती. डगने गाडीतून त्याची कॅम्पिंगची शेगडी आणली. आगळ चोळून तुकड्या पिठात घोळवल्या, तव्यावर टाकल्या, आणि तो वास आला तेव्हा मी सवयीने मागे वळून पाहिलं, उंबऱ्याबाहेर कोणी उभं आहे का म्हणून.

त्यांनी पहिला घास घेतला. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि त्या चावत होत्या. डगला त्यांनी हाताने खूण करून एक तुकडी दिली. त्याने ती खाल्ली, बोटं चाटली आणि अतिशय दुःखी चेहऱ्याने विचारलं की नालू, मी आयुष्यभर हे पाण्यात परत टाकत आलो? त्यावर त्या इतक्या हसल्या की ठसका लागला. आपटे घाबरून म्हणाले, "काटे असतात ना गं त्यात? जपून खा."

रविवारी ते गेले. विमानतळावर आम्ही पोचवायला गेलो होतो, तिथे सामान, वजन, पासपोर्ट यांच्या गडबडीत निरोप असा घेताच आला नाही. म्हणून नलूताई म्हटलं की मला तो शुक्रवारच दिसतो. वारा सुटला होता, वाळू उडत होती. नलूताई मांडी घालून तव्यासमोर बसल्या होत्या आणि एकेक तुकडी सावकाश खात होत्या, कुणाकडे न बघता. त्यांच्या वाऱ्याच्या बाजूला आपटे बसले होते. बायकोच्या खाण्यात वाळू जाऊ नये म्हणून त्यांनी दिवाळी अंक उघडून दोन्ही हातांनी आडवा धरला होता. वास सहन होत नव्हता म्हणून तोंड पलीकडे फिरवलेलं होतं, पण तव्यावरचं संपेपर्यंत त्यांनी अंक खाली घेतला नाही.